पट्टी-जोडणी सेवेतले अधूनमधून होणारे मेमरी क्रॅश : प्रकल्प नोंदी, सांगली

३ मार्च

सेवेचं काम थोडक्यात असं. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांच्या टॅलीतून (हिशेबाचं सॉफ्टवेअर) दिवसअखेर निघणाऱ्या एक्सएमएल फाइल (टॅगांमध्ये, झाडासारखा मांडलेला मजकूर) घ्यायच्या, त्यातली व्हाउचर (एकेका व्यवहाराची नोंद) वेगळी करायची, रिकामे भाग छाटायचे आणि सगळ्या दुकानांची मिळून एक फाइल तयार करायची. सेवा सी++ मध्ये आहे, खाली लिबएक्सएमएल२ (एक्सएमएल वाचणारी-लिहिणारी लायब्ररी), सर्व्हरवर ६४-बिट डेबियन लिनक्स आणि चार वर्कर थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी चालणारी कामं).

तक्रार : सेवा मधूनच पडते. सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा चालवणारा प्रोग्राम) ती परत उठवतो, तीच फाइल पुन्हा वाचली जाते आणि या वेळी काही होत नाही. नव्या हळदीचे सौदे आणि बेदाण्याची आवक एकदम सुरू झाल्यापासून प्रमाण वाढलं आहे.

पडण्याचे प्रकार जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या नोंदवहीत) दोन दिसतात : सिग्नल ११ (सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे हात लावता येत नाही अशा मेमरीला हात लावणं) आणि सिग्नल ६ (ॲबॉर्ट). शेलमधून हाताने चालवली तर हेच आकडे १३९ आणि १३४ असे येतात, कारण शेल सिग्नलमध्ये १२८ मिळवतं. सिग्नल ६ म्हणजे जीलिबसीला (सी भाषेची मूळ लायब्ररी, मेमरीचं वाटपही तीच करते) हीपची (मागेल तशी वाटली जाणारी मेमरी) मांडणी बिघडलेली आढळली आणि तिने स्वतःहून प्रोग्राम थांबवला.

आज फक्त पुरावा गोळा होईल अशी व्यवस्था केली :

– सेवेच्या युनिट फाइलमध्ये कोअरची (प्रोग्राम पडतानाच्या मेमरीची प्रत) मर्यादा अमर्याद केली, सिस्टिमडी-कोअरडंप बसवला.
– आपल्या बायनरीत डीबग माहिती ठेवली, स्ट्रिप (ती माहिती काढून टाकणं) बंद. लिबएक्सएमएल२ ची डीबग चिन्हं डेबियनच्या डीबग भांडारातून, बसवलेल्या पॅकेजच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळणारी घेतली. आवृत्ती जुळली नाही तर बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची साखळी) चुकीची नावं दाखवतो आणि तपास भलतीकडे जातो.
– जोडलेली फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलायचं. याचा क्रॅशशी संबंध नाही, पण अर्धवट फाइल पुढे आयात होणं हे सेवा पडण्यापेक्षा वाईट. त्यात लोकांच्या पट्टीचे पैसे आहेत.

(या नोंदींत लायब्ररीच्या फंक्शनच्या नावांतलं सुरुवातीचं ‘एक्सएमएल’ गाळलं आहे आणि नावं वाचता यावीत म्हणून तोडून लिहिली आहेत.)

५ मार्च

रॅमची शंका आधी मिटवली. मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. तीच सेवा दुसऱ्या मशीनवर त्याच फाइलींवर चालवली, तिथेही पडली. हार्डवेअर बाजूला.

७ मार्च

कोअर फाइल जमल्या. प्रत्येक कोअरवर जीडीबीत (डीबगरमध्ये) सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस काढले. फक्त पडलेल्या थ्रेडचा बॅकट्रेस पुरत नाही. शेजारचा थ्रेड त्या क्षणी काय करत होता हेही पाहावं लागतं. क्रॅश तीन तोंडवळ्यांचे निघाले :

(अ) एक्सपाथ-फ्री-नोडसेटच्या (एक्सपाथ या शोधभाषेने सापडलेल्या नोडांचा, म्हणजे झाडातल्या घटकांचा, संच सोडणारं फंक्शन) आतून फ्री (मेमरी परत करणारं फंक्शन) बोलावलं जातं आणि फ्रीच्या आत सेगमेंटेशन फॉल्ट. फ्रीला दिलेला पत्ता १८ किंवा ३०. हीपचा पत्ता इतका लहान असूच शकत नाही.

(ब) जोडलेली फाइल लिहिताना स्ट्रलेनमध्ये (मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन) फॉल्ट. याचाच एक न पडणारा भाऊ सापडला : मागच्या काही जोडलेल्या फाइलींत टॅगच्या आधी ‘यूडीएफ’ हा प्रीफिक्स यायला हवा तिथे न वाचता येणारी अक्षरं आहेत.

(क) एक थ्रेड फाइल वाचत असताना पार्सरच्या (लायब्ररीचा एक्सएमएल वाचणारा भाग) आत पडतो आणि त्याच क्षणी दुसरा थ्रेड क्लीनअप-पार्सरमध्ये असतो.

जिथे प्रोग्राम पडतो ती जागा बहुतेक वेळा निर्दोष असते. मेमरी आधीच कुठेतरी बिघडलेली असते आणि नंतर येणारा त्यात पाय घालतो. म्हणून या तिन्हींना एकच कारण असेल असं धरून न चालता तिघांचा स्वतंत्र माग काढायचा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा : या पॉइंटरमागच्या (पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता) मेमरीचा मालक कोण, आणि त्याने ती कधी सोडली?

८ मार्च

(क) नुसता कोड वाचूनच मिटला. प्रत्येक वर्कर आपली फाइल झाली की क्लीनअप-पार्सर बोलावत होता. नावावरून ते ‘माझा पार्सर आवर’ असं वाटतं, पण ते पूर्ण प्रोसेसमधली लायब्ररीची सामाईक साधनं मोडतं : एन्कोडिंग हँडलर, कॅटलॉग, इनपुट कॉलबॅक, लॉक. एका थ्रेडने हे केलं की उरलेले तिघे वाचत असतानाच त्यांच्या पायाखालची फळी निघते.

नियम असा : इनिट-पार्सर मुख्य थ्रेडमधून एकदाच, वर्कर सुरू होण्याआधी. क्लीनअप-पार्सर एकदाच, सगळे वर्कर जॉइन झाल्यावर, प्रोसेस संपताना. आणि तेही फक्त आपण पूर्ण प्रोग्रामचे मालक असू तर. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये प्लगइन म्हणून चालणाऱ्या कोडने ते कधीच बोलावू नये, त्या प्रोसेसमध्ये आणखी कोण लिबएक्सएमएल२ वापरतंय हे त्याला कळत नाही. एका डॉक्युमेंटची मेमरी सोडायला फ्री-डॉक आणि पार्सर काँटेक्स्टसाठी फ्री-पार्सर-काँटेक्स्ट एवढंच लागतं.

बदल चढवला. (अ) आणि (ब) सुरूच.

११ मार्च

(ब) पटकन पडेल अशी व्यवस्था केली. जीलिबसीला दोन गोष्टी पर्यावरण चलांतून सांगितल्या : टीकॅशची (प्रत्येक थ्रेडने जवळ ठेवलेले मोकळे तुकडे) संख्या शून्य (जीलिबसी ट्यूनेबल्समधून) आणि मॅलॉक-पर्टर्ब = १७०. पर्टर्बमुळे मोकळी झालेली मेमरी १७० या बाइटने, म्हणजे हेक्समध्ये एए-एए-एएने, भरली जाते. मोकळ्या मेमरीतला जुना मजकूर शाबूत राहिला तर चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो. तो मजकूर पुसला की लपायला जागा राहत नाही.

यूडीएफ असलेल्या फाइलवर आता दर वेळी पडतं. रजिस्टरमध्ये सरळ एए-एए-एए-एए दिसतं. एक सूचना : हा पत्ता ६४-बिट प्रोसेसरच्या वैध पत्त्यांतच बसत नाही, म्हणून सिग्नलसोबतचा पत्ता शून्य दिसतो. त्यावरून नल (रिकामा) पॉइंटर समजून बसू नये, रजिस्टर पाहावं.

कारण असं. टॅलीच्या फाइलमध्ये नेमस्पेस (टॅगचा प्रीफिक्स कुठला ते सांगणारी घोषणा) ‘टॅलीमेसेज’ या एलिमेंटवर जाहीर होते आणि त्याच्या आत ‘व्हाउचर’ असतं. दुकानाने टीडीएल (टॅलीत बदल करण्याची भाषा) लिहून घेऊन गाडी नंबर, पोत्यांची संख्या अशी जादा खाती बसवली असतील तर ती व्हाउचरच्या आत यूडीएफ प्रीफिक्सच्या एलिमेंटांत येतात. लिबएक्सएमएल२ मध्ये एलिमेंट नेमस्पेसची प्रत ठेवत नाही. ते वरच्या पूर्वजाच्या यादीतल्या नेमस्पेस-नोंदीकडे नुसता पॉइंटर ठेवतं. आपला कोड व्हाउचर अनलिंक-नोडने उचलून ॲड-चाइल्डने नव्या झाडाला लावत होता आणि मूळ डॉक्युमेंट फ्री-डॉकने सोडत होता. व्हाउचर नव्या घरी आलं, नेमस्पेसची नोंद जुन्या टॅलीमेसेजसोबत गेली. पॉइंटर मात्र तिकडेच बोट दाखवत राहिला.

अधूनमधून का, तेही यातून उलगडतं. टीडीएल नसलेल्या दुकानांच्या फाइलला काहीच होत नाही. असलेल्यांचंही, मोकळी झालेली जागा दुसऱ्या कुणी वापरेपर्यंत बऱ्याचदा निभावतं. टॅगपुढचा कचराही त्यातलाच : ‘यूडीएफ’ ही तीन अक्षरं ठेवलेला छोटा तुकडा मोकळा होताना त्याच्या सुरुवातीच्या बाइटांवर जीलिबसी आपली साखळी लिहिते आणि ती साखळीच आपण प्रीफिक्स म्हणून छापत होतो.

दुरुस्तीचे तीन पर्याय पाहिले.

एक, रिकन्सिलिएट-एनएस. नव्या झाडात नेमस्पेस जाहीर करून पॉइंटर वळवतं. पण ते जुनी नोंद वाचूनच काम करतं, त्यामुळे मूळ डॉक्युमेंट जिवंत असतानाच बोलवावं लागतं. क्रम उलटला की हेच फंक्शन पडतं.

दोन, सगळी मूळ डॉक्युमेंट जोडणी संपेपर्यंत जिवंत ठेवणं. सोपं, पण एक नोड १२० बाइटांचा आणि या फाइलींत रिकाम्या याद्यांचे टॅग ढिगाने. झाड फाइलच्या कितीतरी पट मेमरी खातं. सीझनमध्ये परवडणार नाही.

तीन, डॉक-कॉपी-नोड. व्हाउचरची नव्या डॉक्युमेंटमध्ये पूर्ण प्रत. नेमस्पेस बाहेरची असेल तर प्रतीच्या माथ्यावर ती नव्याने जाहीर होते, आणि एलिमेंटांची नावंही नव्या डॉक्युमेंटच्या मालकीची होतात. हा नावांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पार्सर टॅगची नावं डॉक्युमेंटच्या शब्दकोशात एकदाच ठेवतो आणि सगळे नोड त्याकडे बोट दाखवतात. नोड दुसऱ्या डॉक्युमेंटमध्ये हलवला की त्या नावांचं काय होतं, याची वागणूक आवृत्तीगणिक बदललेली आहे, त्यावर विसंबायचं नाही.

तिसरा घेतला. प्रत करायला थोडा वेळ जास्त जातो, पण मूळ डॉक्युमेंट लगेच सोडता येतं आणि मालकीबद्दल शंका उरत नाही.

१४ मार्च

(अ) वर पर्टर्बचा काहीच परिणाम नाही. पडण्याचं प्रमाण वाढलं नाही. हे विचित्र वाटलं तरी कारण खाली १६ तारखेच्या नोंदीत आहे.

आता ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर जागीच पकडणारं साधन). बिल्डचे पर्याय : ॲड्रेस सॅनिटायझर चालू, डीबग माहिती, ऑप्टिमायझेशन पातळी १, फ्रेम पॉइंटर न गाळणं. फक्त आपला कोड असा बांधून भागत नाही, लिबएक्सएमएल२ सुद्धा मूळ कोडवरून याच पर्यायांनी बांधावी लागते. चुकीचं वाचन लायब्ररीच्या आत होत असेल आणि लायब्ररी साधी बांधलेली असेल, तर सॅनिटायझरला फ्री, स्ट्रलेन, मेमसीपीवाय असली मोजकी फंक्शनच दिसतात. पॉइंटरमधून झालेलं साधं वाचन गुपचूप निसटतं. बांधल्यावर एलडीडीने खात्री करावी की बायनरी आपलीच लायब्ररी उचलते आहे, वितरणातली नाही.

वेग साधारण निम्मा होतो, मेमरी बरीच जास्त लागते. मोकळी झालेली मेमरी तो लगेच परत वापरत नाही, विलगीकरणात ठेवतो (नेहमीची मर्यादा २५६ एमबी), आणि तेवढ्यात कुणी तिला हात लावला की पकडतो.

व्हॅलग्राइंडही चालतं आणि वेगळं बांधावं लागत नाही, पण वीस-तीस पट हळू. शिवाय ते एका वेळी एकच थ्रेड चालवतं, त्यामुळे थ्रेडच्या शर्यतीतून येणारे दोष त्याखाली अनेकदा दिसतच नाहीत.

१६ मार्च

पहिल्याच फाइलवर अहवाल आला, आणि आता छाटण्यासारखं काही असलेल्या प्रत्येक फाइलवर येतो :

हीप-यूज-आफ्टर-फ्री. ४ बाइटांचं वाचन. जागा : १२० बाइटांच्या मोकळ्या तुकड्यात ८ बाइट आत. वाचणारा : एक्सपाथ-फ्री-नोडसेट. मोकळा करणारा : फ्री-नोड, आपल्या छाटणीच्या फंक्शनमधून.

एवढ्या तीन आकड्यांत सगळं आलं. १२० बाइट म्हणजे नोड. ८ बाइट आत, ४ बाइट रुंद म्हणजे त्याचं ‘टाइप’ खातं (पहिले ८ बाइट वापरणाऱ्याच्या खासगी पॉइंटरचे). मोकळ्या झालेल्या नोडचा टाइप कुणीतरी वाचतंय.

छाटणीचं फंक्शन असं चालतं : ज्यात मजकूर नाही आणि ॲट्रिब्यूटही नाही असे सगळे एलिमेंट एक्सपाथने शोधायचे, मिळालेल्या नोडसेटवर शेवटून पुढे येत प्रत्येक नोड अनलिंक करून फ्री-नोड करायचा, मग एक्सपाथ-फ्री-ऑब्जेक्टने निकाल सोडायचा. शेवटून यायचं कारण बरोबर आहे : रिकाम्याच्या आत रिकामं एलिमेंट असेल तर दोघेही सेटमध्ये असतात आणि पालक आधी सोडला तर मूल त्याच्यासोबत जातं, मग मूल दुसऱ्यांदा सोडलं जातं. उलट्या क्रमात मूल आधी येतं.

अडचण शेवटच्या पायरीत. नोडसेट हा नोडांचा मालक नाही, नोड झाडाचे. याला एकच अपवाद आहे : नेमस्पेस नोड. एक्सपाथच्या नियमांप्रमाणे नेमस्पेसही नोड असतो, पण लिबएक्सएमएल२ च्या झाडात तो तसा नसतो. म्हणून निकालात नेमस्पेस आला तर लायब्ररी त्याची प्रत करते आणि ती प्रत नोडसेटच्या मालकीची असते. त्यामुळे नोडसेट सोडताना प्रत्येक नोंदीचा टाइप पाहावा लागतो : नेमस्पेस असेल (टाइप १८) तर सोडा, नसेल तर हात लावू नका. आपण झाडातले नोड आधीच सोडलेले. टाइप वाचला जातो तो मोकळ्या मेमरीतून.

तिथे १८ सोडून काहीही सापडलं तर लायब्ररी पुढे जाते. पर्टर्बने भरलेला एए-एए-एए-एएही १८ नाही, म्हणून पर्टर्ब निरुपयोगी. पडायला नेमका १८ हाच आकडा हवा. तो येतो कुठून?

लूप संपल्यावर आणि फ्री-ऑब्जेक्टच्या आधी, त्याच फंक्शनमध्ये मालाची नोंद सामाईक यादीत आहे का हे पाहिलं जातं. नसेल तर नवी नोंद तयार होते : मालाचं नाव, एकक, खातं या तीन स्ट्रिंग आणि अडत, हमाली, तोलाई हे तीन दशांश आकडे. जीसीसीच्या लायब्ररीत एक स्ट्रिंग ३२ बाइटांची. तीन स्ट्रिंग ९६, तीन आकडे २४, बेरीज १२०. नोडही १२०. दोन्हींसाठी ॲलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) १२८ बाइटांचा एकाच मापाचा तुकडा देतो, आणि शेवटी मोकळा झालेला तुकडा सर्वात आधी परत वापरतो. म्हणजे मालाची नवी नोंद बरोबर नुकत्याच सोडलेल्या नोडच्या जागी बसते.

आता ती जागा तिन्ही नजरांनी पाहा. स्ट्रिंगचे पहिले ८ बाइट म्हणजे मजकुराकडचा पॉइंटर, पुढचे ८ बाइट लांबी, त्यापुढे क्षमता. नोडच्या नजरेत ८ व्या बाइटावर टाइप. नेमस्पेसच्या नजरेत ० वर ‘पुढचा’, ८ वर टाइप, १६ वर नेमस्पेसच्या पत्त्याचा मजकूर. तेव्हा मालाच्या नावाची लांबी १८ बाइट असेल तर लायब्ररीला तिथे नेमस्पेस दिसतो आणि ती त्याचा मजकूर सोडायला जाते, म्हणजे स्ट्रिंगची क्षमता फ्रीला देते. स्ट्रिंग थेट मजकुरावरून बांधली असेल तर क्षमता १८, रिकाम्या स्ट्रिंगला मजकूर दिला असेल तर ३०. कोअरमधले दोन्ही आकडे हेच.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, मात्रा आणि अनुस्वार धरून. ‘बेदाणे’ : ब, एकार, द, काना, ण, एकार. सहा चिन्हं, १८ बाइट. ‘हळकुंड’ : ह, ळ, क, उकार, अनुस्वार, ड. तेही १८. ‘हळद’ आणि ‘गूळ’ ९, ‘मिरची’ १५, ‘राजापुरी’ २४. हे सगळे सुखरूप जातात. सीझनमध्ये प्रमाण का वाढलं, याचं उत्तर लोडमध्ये नव्हतं, मालाच्या नावांत होतं.

आणि दुसऱ्या वेळी तीच फाइल का चालते? मालाची यादी चारही वर्करांत सामाईक आहे, सेवा सुरू होताना आणि मग दर तासाला ती रिकामी होते. ‘बेदाणे’ ही नोंद ज्या वर्करकडून पहिल्यांदा बनते त्याच्याच वाट्याला धोका. त्याच्या फाइलमध्ये छाटण्यासारखं काही नसेल तर नोंद दुसऱ्या जागी बनते, कुणीच पडत नाही, आणि पुढच्या तासाभरात कुठलीही फाइल चालते. कोणता वर्कर आधी पोचतो यावर सगळा खेळ.

१८ मार्च

चाचणीसाठी छोटी फाइल केली : एक टॅलीमेसेज, एक व्हाउचर, एक रिकामी यादी, माल ‘बेदाणे’, मालाची सामाईक यादी रिकामी असताना एकच वर्कर. साध्या बिल्डमध्येही दर वेळी पडते. मालाचं नाव ‘हळद’ केलं की पडत नाही.

दुकानांच्या खऱ्या फाइल चाचणीत ठेवायच्या नाहीत, त्यात शेतकऱ्यांची नावं आणि रकमा असतात. नावं झाकताना एक पथ्य : प्रत्येक नावाची बाइटांतली लांबी तीच राहिली पाहिजे. ‘बेदाणे’च्या जागी सहा रोमन अक्षरं टाकली तर लांबी ६ होते आणि दोष गायब. झाकायचं असेल तर देवनागरीचं चिन्ह देवनागरीच्याच चिन्हाने, एकास एक बदलावं. टॅग, रिकामे एलिमेंट आणि त्यांचा क्रम अजिबात बदलू नये.

२० मार्च

(अ) ची दुरुस्ती. सर्वात छोटा मार्ग एका ओळीचा : नोड सोडताना नोडसेटमधली त्याची जागा नल करायची, नेमस्पेस प्रकारच्या नोंदी वगळून. नल नोंदीकडे लायब्ररी पाहत नाही. लिबएक्सएमएल२ सोबत येणाऱ्या ‘एक्सपाथ२’ या नमुना प्रोग्रामात नेमकी ही ओळ आहे, ती का लागते हे सांगणारी सविस्तर टीपही आहे, आणि उलट्या क्रमाचं कारणही तिथेच लिहिलं आहे. एक्सपाथने शोधून झाड बदलणाऱ्या प्रत्येकाने तो नमुना आधी वाचावा.

आम्ही मात्र दुसरी मांडणी घेतली, कारण पुढे कुणी लूप बदलला तरी ती टिकते : नोडसेटमधले पॉइंटर व्हेक्टरमध्ये उतरवायचे (नेमस्पेस प्रकारचे सोडून), एक्सपाथ-फ्री-ऑब्जेक्ट लगेच करायचं, आणि झाडाला हात त्यानंतर लावायचा, शेवटून पुढे. नोड सोडायच्या वेळी नोडसेट अस्तित्वातच नसतो.

सोबत सगळे उघडे पॉइंटर युनिक-पॉइंटरमध्ये घातले, प्रत्येकाला त्याचा स्वतःचा सोडणारा : डॉक्युमेंटला फ्री-डॉक, निकालाला एक्सपाथ-फ्री-ऑब्जेक्ट, एक्सपाथ काँटेक्स्टला त्याचं. इथे जाहीर करण्याचा क्रम बघावा. सी++ स्थानिक चलं उलट्या क्रमाने मोडतं, म्हणून डॉक्युमेंट आधी जाहीर करायचं, निकाल नंतर. उलट लिहिलं तर डॉक्युमेंट आधी जातं, नोडसेट मागाहून टाइप वाचायला येतो, आणि तोच दोष दुसऱ्या दाराने परत.

नोड-गेट-कंटेंट आणि गेट-प्रॉप यांनी दिलेला मजकूर आपल्या मालकीचा असतो, तो लायब्ररीच्याच फ्रीने सोडायचा. चार ठिकाणी तो सोडलाच जात नव्हता. क्रॅश नाही, गळती. सॅनिटायझरच्या गळती-तपासणीत दिसली, बुजवली.

२३ मार्च

क्रॅशशी थेट संबंध नाही, पण कोड उघडलाच आहे तर : पार्सरला दिलेला ‘रिकव्हर’ पर्याय काढला.

तो होता कारण टॅली काही ठिकाणी, ‘प्रायमरी’सारख्या राखीव नावांच्या आधी, खूण म्हणून वर्ण क्रमांक ४ () लिहिते. एक्सएमएल १.० मध्ये टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न सोडून ३२ खालचे वर्ण चालत नाहीत, संदर्भ म्हणूनही (वर दिल्यासारखं क्रमांकाने लिहून) नाहीत. साधा पार्सर तिथे थांबतो, रिकव्हर पुढे जातो. पण रिकव्हर सगळ्याच चुकांवर पुढे जातो. अपलोड मध्येच तुटून अर्धी आलेली फाइल त्याला ‘लहान फाइल’ वाटते आणि शेवटची व्हाउचर गळतात, कुठेही बोभाटा न होता. हिशेबाच्या फाइलला हे अजिबात चालणार नाही.

आता क्रम असा : फाइलच्या सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंग सांगणारी खूण) पाहायचा, यूटीएफ-१६ असेल तर आधी यूटीएफ-८ करायची, मग तो नेमका संदर्भ काढायचा, मग रीड-मेमरीला एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांगून कडक पार्सिंग. बदलण्याआधी संदर्भ शोधू नये, यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येक चिन्ह किमान दोन बाइटांचं असल्याने बाइटांचा शोध हुकतो. नेटवर्कवरून काही न आणण्याचा पर्याय चालू ठेवला. ‘ह्यूज’ पर्याय लागत नाही, आपल्या फाइलमध्ये एका नोडचा मजकूर लायब्ररीच्या नेहमीच्या १ कोटी बाइटांच्या मर्यादेजवळही जात नाही. फाइल नापास झाली तर ती बाजूला ठेवून दुकानाला ‘पुन्हा पाठवा’ असा निरोप जातो.

२६ मार्च

चाचणी संच. प्रत्येक बदलानंतर सॅनिटायझर बिल्डवर चालतो : रिकाम्यात रिकामी यादी, मूळ डॉक्युमेंट सोडल्यानंतर लिहिलेलं, यूडीएफ असलेलं व्हाउचर, ‘बेदाणे’ आणि ‘हळकुंड’ नावाचा माल असलेल्या फाइल, वर्ण ४, मध्येच तुटलेली फाइल, शून्य बाइटांची फाइल, यूटीएफ-१६. तुटलेली आणि शून्य बाइटांची नापास झालीच पाहिजे, बाकीच्या पास.

थ्रेड सॅनिटायझर वेगळ्या बिल्डमध्ये, तो ॲड्रेस सॅनिटायझरसोबत एकत्र चालत नाही. त्याने मालाच्या सामाईक यादीवर एक शर्यत दाखवली : तासाची सफाई चालू असताना दुसरा वर्कर यादी वाचतो. यादीला शेअर्ड म्युटेक्स लावला, वाचणारे एकत्र, बदलणारा एकटा. सफाईत नोंदी जागेवर मोडण्याऐवजी नवी रिकामी यादी लावून जुनी शेअर्ड-पॉइंटरने शेवटचा वाचणारा बाहेर पडेपर्यंत धरून ठेवली.

३० मार्च

वर्षअखेरच्या हिशेबाआधी नवं बिल्ड सर्व्हरवर. जुनी बायनरी आणि तिची डीबग माहिती शेजारी ठेवली आहे, जुन्या कोअर पुन्हा वाचाव्या लागल्या तर त्याच लागतील. कोअर गोळा करणं चालूच राहील. दुकानांच्या फाइलींचा रोजचा एक संच झाकून रात्री सॅनिटायझर बिल्डवर आपोआप फिरवला जातो, तोही एप्रिल-मे संपेपर्यंत तसाच.

राहिलेलं काम : जोडणी संपल्यावर प्रत्येक दुकानाची आत आलेली आणि बाहेर गेलेली व्हाउचर संख्या जुळवून पाहणं, आणि जुळली नाही तर फाइलचं अंतिम नाव न देणं.